बाळाच्या वाटीतलं शिसं आणि आर्सेनिक: डबा फेकून देण्याआधी हे वाचा

मुलगी सात महिन्यांची असताना मी एका बेबी फूड कंपनीला मेल टाकला होता, की तुमच्या सिरियलमध्ये (बाळाला कालवून द्यायचं धान्याचं तयार पीठ) जड धातू किती आहेत. उत्तर आलं एका ओळीचं, "आमच्या प्रॉडक्टमध्ये एनडी आहे", आणि सोबत लॅब रिपोर्टचा फोटो. एनडी म्हणजे नॉट डिटेक्टेड, सापडलंच नाही. मी खूश. मग दोन दिवसांनी रात्री दीड वाजता तिला खांद्यावर झोपवता झोपवता तोच फोटो झूम करून बघितला तर कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, डिटेक्शन लिमिट ०.१ मिग्रॅ प्रति किलो. म्हणजे १०० पीपीबी (पार्ट्स पर बिलियन, एका किलोत १०० मायक्रोग्रॅम). म्हणजे त्या डब्यात ९० पीपीबी शिसं असतं तरी कागदावर एनडीच छापून आलं असतं. किराणा तोलायच्या काट्यावर मुंगी ठेवायची आणि काटा हलला नाही म्हणून मुंगीला वजनच नाही म्हणायचं, असला प्रकार.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले. मी डॉक्टर नाही, पण आकडेमोड माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि हा विषय बराचसा आकडेमोडीचाच आहे. जे केलं ते क्रमाने लिहितेय. लांबलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे उगाच डबे फेकले जाणार नाहीत

चार धातू आहेत: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा. कारखान्यात कोणी मुद्दाम टाकत नाही (एक भयंकर अपवाद आहे, पुढे येतोच), ते मातीतून आणि पाण्यातून पिकात येतात. जुन्या काळी पेट्रोलमध्ये आणि रंगात शिसं असायचं, ते जमिनीत पडलंय आणि शिसं कुजत नाही की विरघळून नाहीसं होत नाही, जिथे पडलं तिथेच राहतं. कॅडमियम बरंचसं फॉस्फेट खतांसोबत शेतात जातं. आर्सेनिक काही ठिकाणी मुळात खडकातच असतं, काही ठिकाणी जुन्या कीटकनाशकांचा प्रसाद.

मग घरी केलं की सुटलो का? मलाही तेच वाटलं होतं, मिक्सर नवीन घेतला होता त्यासाठी. पण अमेरिकेतल्या हेल्दी बेबीज ब्राइट फ्यूचर्स ह्या संस्थेने २०१९ मध्ये बाजारातले १६८ बेबी फूड तपासले तेव्हा ९५ टक्क्यांत चारपैकी किमान एक धातू सापडला, आणि २०२२ मध्ये त्यांनीच विकतचं आणि घरचं शेजारी शेजारी ठेवून तपासलं तर दोन्हीकडे ९४ टक्के! गाजर तेच, माती तीच, मिक्सर तुमचा असला म्हणून काय होतंय.

ऑरगॅनिक घेऊनही ह्या बाबतीत फरक पडत नाही. ऑरगॅनिक लेबल कीटकनाशकं आणि खतांबद्दल बोलतं, जमिनीत शंभर वर्षांपूर्वी काय सांडलंय त्याबद्दल नाही. ह्यात अजून एक गंमत म्हणजे केमिस्ट्रीत "ऑरगॅनिक आर्सेनिक" आणि "इनऑरगॅनिक आर्सेनिक" असे दोन प्रकार आहेत, त्यातला इनऑरगॅनिक हा जास्त विषारी, कॅन्सरशी जोडलेला, तर माशांमध्ये जे असतं ते बहुतांश ऑरगॅनिक आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी. ह्या ऑरगॅनिकचा त्या ऑरगॅनिकशी काडीचा संबंध नाही, पण पालकांच्या ग्रुपवर ह्यावरून झालेली भांडणं मी डोळ्यांनी वाचलीयेत.

तांदळाचं वेगळं का सांगतात ते समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावरच आहे. भाताचं शेत पाण्याने भरलेलं असतं, पाण्याखालच्या मातीत हवा नसते, हवा नसली की मातीच्या कणांना चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटं होतं आणि पाण्यात उतरतं. आता भाताच्या रोपाला सिलिका लागते, खोड ताठ राहायला, आणि पाण्यातलं हे सुटं आर्सेनिक मुळांना हुबेहूब सिलिकेसारखं वाटतं म्हणून रोप ते दार उघडून आत घेतं. फसवणूकच आहे एक प्रकारची. ते जाऊन बसतं जास्त करून दाण्याच्या वरच्या कोंड्याच्या थरात. म्हणून ब्राउन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा आर्सेनिक जास्त असतं. मोठ्यांसाठी हेल्दी म्हणून आणतो ते ह्या एका बाबतीत बाळासाठी उलटं पडतं.

आणि बाळांचंच एवढं का? शिसं घ्या. डब्ल्यूएचओच्या म्हणण्याप्रमाणे तेवढंच शिसं पोटात गेलं तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. वजन आठ किलो, मेंदू घडत असतो आणि त्यात आपण एकच पदार्थ सकाळ-संध्याकाळ भरवतो कारण तोच एक ती थुंकत नाही. हे शेवटचं जे आहे ना, सकाळ-संध्याकाळ तोच पदार्थ, सगळा खेळ तिथे आहे. एका डब्यातल्या आकड्यापेक्षा तो डबा आठवड्यात कितीदा उघडतो ते जास्त महत्त्वाचं.

पायरी १: सात दिवस लिहून काढा

काही बदलू नका, फक्त लिहा. फ्रिजवर कागद चिकटवा आणि बाळाने काय खाल्लं, अंदाजे किती, आणि त्यातला पहिला घटक कोणता. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा असेल तर एकदाच सगळं मोजून ठेवा, आमच्याकडे सिरियलचा एक सपाट चमचा पाच ग्रॅम निघाला आणि मी धरून चालले होते दहा. नवरा शिगोशीग भरायचा तो साडेसात! एकाच डब्यातून एकाच बाळाला, कोण भरवतंय त्यावर डोस दीडपट.

लेबलं पाठीमागून वाचा, पुढून नाही. पुढे मोठ्या अक्षरात "मल्टिग्रेन" आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव तांदळाचं पीठ, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसू येतं. तांदूळ लपतो तो पफ्समध्ये (बाळांचा फुगवलेला कोरडा खाऊ), दात येताना देतात त्या बिस्किटांमध्ये, राइस केकमध्ये, आणि "ब्राउन राइस सिरप" ह्या नावाने गोडव्यासाठी. आमच्या कागदावर सात दिवसांत तांदूळ एकोणीस वेळा आला. एकोणीस! आणि मी आधी कोणाला सांगितलं असतं की आम्ही तांदूळ तसा कमीच देतो.

पायरी २: हिशोब करायला शिका, अवघड नाही

एक पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. एक पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम, म्हणजेच १००० पीपीबी. बस, एवढंच पाठ करा. रिपोर्टवर ०.०२ मिग्रॅ प्रति किलो दिसलं तर ते २० पीपीबी.

मग पीपीबी गुणिले ग्रॅम भागिले हजार, आले पोटात जाणारे मायक्रोग्रॅम. २० पीपीबी शिसं असलेलं कोरडं सिरियल १५ ग्रॅम दिलं तर ०.३ मायक्रोग्रॅम. १० पीपीबीची फळांची प्युरी १०० ग्रॅम दिली तर १ मायक्रोग्रॅम. बघा, जिथे पीपीबी निम्मं तिथे डोस तिपटीहून जास्त, कारण प्युरी शंभर ग्रॅम जाते आणि पीठ पंधराच. लोक नुसते पीपीबी बघून डब्यांची तुलना करतात ती इथे फसते.

हा एक मायक्रोग्रॅम कशाशी ताडून बघायचा? अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) लहान मुलांसाठी खाण्यातून येणाऱ्या शिशाचा एक संदर्भ आकडा ठेवलाय, दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. तो "इथपर्यंत सेफ" असा आकडा नाही हां, रक्तातलं शिसं चिंतेच्या पातळीला जाईल तेवढ्या प्रमाणाला दहाने भागून काढलेली ती रेघ आहे. शिशाला सेफ पातळीच नाही, म्हणून तर डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाची जुनी साप्ताहिक मर्यादा सरळ काढून टाकली आणि तिच्या जागी नवीन दिलीच नाही.

पायरी ३: तांदूळ कमी करा, पण लोह कमी होऊ देऊ नका

इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात, म्हणून जरा रेंगाळते.

बातमी वाचली, तांदळाच्या सिरियलचा डबा कचऱ्यात, आणि त्याच्या जागी केळं आणि सफरचंदाची प्युरी. झालं काय, आर्सेनिक गेलं आणि त्याच्याबरोबर लोहही गेलं, कारण ते सिरियल लोह घातलेलं होतं. साधारण सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. आणि शरीरात लोह कमी असलं की आतडं शिसं आणि कॅडमियम अजून जास्त शोषतं. म्हणजे शिशाला घाबरून लोह बंद केलं आणि शिशालाच दार मोकळं करून दिलं.

तेव्हा काढायचं नाही, बदलायचं. लोह घातलेलं ओट्सचं सिरियल, बार्लीचं, गव्हाचं, खरंखुरं मल्टिग्रेन (यादीत पहिला तांदूळ नसलेलं). डाळी, अंड्याचा बलक, खात असाल तर मांस नीट शिजवून मऊ करून. सोबत क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी, म्हणजे लोह नीट लागतं. कॅल्शियमही पुरेसं हवं, तेही शिशाला अडवतं. आम्ही तांदूळ बंद नाही केला, एकोणीसवरून चारवर आणला, आणि सगळ्यात सोपी कपात पफ्सची होती कारण ते भुकेसाठी नव्हतेच, हाताला चाळा म्हणून होते.

तांदळाचं दूध गाईच्या दुधाऐवजी देऊ नका. ब्रिटनमध्ये तर आर्सेनिकमुळेच पाच वर्षांखालच्या मुलांना राइस ड्रिंक देऊ नका असा सरकारी सल्ला आहे.

आणि आईचं दूध ह्या भीतीने बंद करू नका, प्लीज.

पायरी ४: तांदूळ शिजवायचाच तर असा

शेफील्ड युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक पद्धत मांडली. एक कप तांदळाला चार कप पाणी उकळायला ठेवा, उकळी फुटली की तांदूळ टाका, पाच मिनिटं शिजवा, ते पाणी पूर्ण ओतून द्या. मग दोन कप ताजं पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवून मुरू द्या. ब्राउन राइसमधलं निम्म्याहून जास्त आणि पांढऱ्यातलं जवळपास तीन चतुर्थांश आर्सेनिक ह्या पद्धतीने निघतं असं त्यांना दिसलं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सवयीने ते पाणी ठेवून घेतलं होतं, टाकवत नाही ना, मग लक्षात आलं की अगं बाई जे काढलं ते ह्याच भांड्यात आहे.

दोन अडचणी आहेत. जीवनसत्त्वं वरून फवारलेला फोर्टिफाइड तांदूळ असेल तर तीही पाण्याबरोबर जातात. आणि तुमच्या पाण्यातच आर्सेनिक असेल, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात ते असणाऱ्या भागात राहत असाल, तर जास्त पाण्यात शिजवून काम उलटं होतं, तांदूळ ते पाणी पितो. डब्यातल्या तयार पिठाला ह्यातलं काहीच लागू नाही, ते कमी वेळा देणं हाच उपाय.

तांदळाच्या प्रकारानेही फरक पडतो, पांढऱ्या बासमतीत साधारणपणे कमी सापडलंय. पण बासमती आहे म्हणून दिवसातून तीनदा, असं करू नका.

पायरी ५: भाज्या, फळं, ज्यूस, मासे

गाजर, रताळं, बीट ही मंडळी जमिनीत वाढतात त्यामुळे शिसं आणि कॅडमियम दोन्ही त्यांच्यात थोडं जास्त. साल जाडसर काढा, आणि साल काढायच्या आधी धुवा, नंतर नाही, नाहीतर सुरीबरोबर सालावरची माती आतल्या गरावर जाते. मी एकदा एका गाजराची साल न धुता काढून पांढऱ्या प्लेटवर ठेवलं होतं, गाजर एकदम स्वच्छ दिसत होतं, उचललं तर खाली करडा ओघळ. तेव्हापासून ब्रश घेऊन घासते. पालकात कॅडमियम बऱ्यापैकी असतं आणि ते पानाच्या आत असल्यामुळे धुवून जात नाही, म्हणून पालक रोज नको, आलटून पालटून इतर भाज्या. कॅडमियमचा खरा त्रास हा की एकदा मूत्रपिंडात जाऊन बसलं की निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात.

म्हणून भाज्या बंद? अजिबात नाही. आज गाजर, उद्या भोपळा, परवा मटार. एकाच रंगाच्या बाटल्यांचा बॉक्स स्वस्त मिळतो म्हणून आणून महिनाभर तेच देणं टाळा, बस.

ज्यूसचा मुद्दा छोटा आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स २०१७ पासून सांगतेय की एक वर्षाखाली फळांचा ज्यूस देऊच नका, जड धातूंमुळे नाही तर साखरेमुळे, पण हाही फायदा फुकटात मिळतो.

माशांमध्ये पारा. मोठा शिकारी मासा, जास्त पारा: शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, बिगआय ट्यूना हे बाळाला नकोत. लहान मासे, सार्डिन वगैरे चालतात, आणि मासे मेंदूसाठी चांगले असतात, म्हणून पाऱ्याच्या नावाने सरसकट बंद करू नका.

पायरी ६: पाणी आणि मसाले

फॉर्म्युला (बाळाचं पावडरचं दूध) पाण्यातच कालवतात, म्हणजे बाळाचं निम्मं जेवण पाणीच. जुन्या पाइपांत शिसं असू शकतं, गरम पाण्यात ते जास्त उतरतं, म्हणून नळाचं गरम पाणी कधीच नको. थंड पाणी थोडा वेळ वाहू द्या, मग घ्या, मग गरम करा. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. इथे माझ्या सासूबाईंशी माझा चांगलाच वाद झाला होता, त्यांचं म्हणणं "अगं वीस मिनिटं उकळलंय मी", आणि जंतूंसाठी त्यांचं बरोबरच होतं. शिसं काढणारा प्रमाणित फिल्टर किंवा आरओ हा उपाय आहे, पाणी एकदा तपासून घ्या आणि मग ठरवा. आर्सेनिकसाठी डब्ल्यूएचओचा मार्गदर्शक आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

आता तो अपवाद. २०२३ च्या शेवटाला अमेरिकेत वानाबाना ब्रँडच्या दालचिनी घातलेल्या सफरचंद प्युरीच्या पाऊचमुळे मुलांच्या रक्तात शिसं सापडायला लागलं, तपास गेला इक्वाडोरमध्ये दळलेल्या दालचिनीपर्यंत, आणि तिच्या नमुन्यांत शिसं निघालं २२७० आणि ५११० पीपीएम. पीपीबी नाही, पीपीएम! दोन नमुन्यांपैकी कमीवालं जरी घेतलं तरी बावीस लाख सत्तर हजार पीपीबी. सोबत क्रोमियमही सापडलं, म्हणजे लेड क्रोमेट (शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग), रंगासाठी भेसळ केल्याचा संशय. हे मातीतून आलेलं नव्हतं. आणि पकडलं कसं गेलं, तर काही मुलांची रक्ततपासणी झाली, आकडा जास्त आला, आणि घरात शोधता शोधता पाऊच सापडले. कारखान्यात, बंदरात, दुकानात कोणाच्याच चाळणीत ते अडकलं नाही. बाळाच्या खाण्यात दळलेला, रंग तेजस्वी दिसणारा मसाला लागतोच का हा प्रश्न स्वतःला विचारा, आमचं उत्तर "एक वर्षापर्यंत नाही" असं होतं. चकाकीचा रंग दिलेली मातीची भांडीही बाळाच्या खाण्यासाठी वापरू नका, आंबट पदार्थ तर नाहीच.

पायरी ७: नियम काय म्हणतात ते वाचा, म्हणजे "नियमात बसतं" ह्या वाक्याची किंमत कळेल

युरोपियन युनियनने लहान मुलांच्या पदार्थांसाठी वापरायच्या तांदळात इनऑरगॅनिक आर्सेनिकची मर्यादा १०० पीपीबी ठेवली, १ जानेवारी २०१६ पासून लागू, आणि ती मर्यादा म्हणजे कायदा, ओलांडलं तर माल विकता येत नाही. बेबी फूडमधल्या शिशाची मर्यादाही त्यांनी नंतर २० पीपीबीवर आणली.

अमेरिकेत प्रकार वेगळा. एफडीएने तांदळाच्या सिरियलसाठी तोच १०० चा आकडा २०१६ मध्ये मसुदा म्हणून काढला, पक्का झाला ऑगस्ट २०२० मध्ये. ह्याला ते "अॅक्शन लेव्हल" म्हणतात आणि ती बंधनकारक नाही, कंपनीला सांगायचं की इथपर्यंत ठेवा, वर गेलं तर आम्ही कारवाईचा विचार करू. मला आधी हे बिनकामाचं वाटलं होतं, पण एफडीएचेच आकडे बघा, २०११ ते २०१३ मध्ये तपासलेल्यांपैकी ३६ टक्के सिरियल १०० च्या आत होती, २०१८ मध्ये ७६ टक्के. नुसता मसुदा टेबलावर होता तरी कंपन्या तांदूळ निवडून घ्यायला लागल्या. मग जून २०२१ मध्ये बीच-नट कंपनीच्या एका बॅचमध्ये आर्सेनिक ह्या आकड्याच्या वर निघालं, त्यांनी माल परत बोलावला आणि तांदळाच्या सिरियलचा धंदाच सोडला.

त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने (अध्यक्ष राजा कृष्णमूर्ती) कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं मागवून अहवाल काढला. मागवली सात कंपन्यांकडून, दिली चौघांनी. त्यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे काही कंपन्या फक्त कच्चा माल तपासायच्या, तयार डबा नाही, आणि वरून घातलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणातून येणारं त्यात धरलंच जायचं नाही. अहवालाने गदारोळ झाला, संसदेत बेबी फूड सेफ्टी अॅक्ट नावाचं विधेयक आलं पण ते पास झालं नाही, आणि एप्रिल २०२१ मध्ये एफडीएने "क्लोसर टू झीरो" (शून्याच्या आणखी जवळ) ही योजना आणली.

त्या योजनेतून जानेवारी २०२५ मध्ये शिशाचे आकडे पक्के झाले: फळं, बहुतेक भाज्या, मिश्रणं, दही, मांस ह्यांना १० पीपीबी, फक्त कंदमुळाची प्युरी असेल तर २०, कोरडं सिरियल २०. आता पायरी दोनचा हिशोब लावा. २० पीपीबीची रताळ्याची प्युरी १०० ग्रॅम म्हणजे २ मायक्रोग्रॅम, आणि एफडीएचाच दिवसाचा संदर्भ आकडा २.२. एका बाटलीत जवळपास सगळा कोटा संपला आणि तरी ती बाटली "नियमात"! कारण हे आकडे ठरवताना तब्येत आणि "उद्योगाला काय जमेल" ह्या दोन्हींची गोळाबेरीज होते. आणि ह्या यादीत पफ्स, दात येतानाची बिस्किटं आणि फॉर्म्युला नाहीतच. फॉर्म्युलाच्या तपासणीसाठी मार्च २०२५ मध्ये वेगळी मोहीम जाहीर झाली.

मला विचाराल तर खरं काम कॅलिफोर्नियाच्या कायद्याने केलं. २०२३ मध्ये पास झालेला एबी ८९९, ह्यात नवीन मर्यादा वगैरे काही नाही, फक्त इतकंच की जानेवारी २०२४ पासून दर महिन्याला तयार मालाची चारही धातूंसाठी तपासणी करा, ६ पीपीबीपर्यंत मोजू शकणाऱ्या लॅबमध्ये करा, आणि जानेवारी २०२५ पासून निकाल वेबसाइटवर टाका. माझ्या त्या एनडीवाल्या फोटोचं औषध हेच आहे, एनडीच्या मागे लपताच येत नाही.

पायरी ८: कंपनीला असं विचारा

"सेफ आहे का" असं विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. मी दुसऱ्यांदा मेल केला तेव्हा हे विचारलं: माझ्या डब्याच्या ह्या बॅच नंबरचा तयार मालाचा रिपोर्ट आहे का की कच्च्या मालाचा, लॅब आयएसओ १७०२५ (लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यताप्राप्त आहे का, प्रत्येक धातूची डिटेक्शन लिमिट किती, आर्सेनिक एकूण मोजलंय की इनऑरगॅनिक वेगळं काढलंय, आणि आकडे कोरड्या पावडरीचे आहेत की कालवल्यानंतरचे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पाण्यात कालवल्यावरचा आकडा साहजिकच लहान दिसतो.

ह्यावेळी उत्तराला तीन आठवडे लागले. बॅचचा रिपोर्ट आमच्याकडे उपलब्ध नाही, असं आलं. मी ब्रँड बदलला, ज्यांचे आकडे उघड होते तो घेतला. त्यांचे आकडे काही शून्य नव्हते, १० च्या आसपास होते, पण मला ते दिसत होते.

पायरी ९: बाळाची तपासणी, आणि काय करू नये

शिशाची शंका असेल, म्हणजे घर जुनं आहे, रंगाचे पोपडे निघतायत, घरात कोणी बॅटरीच्या किंवा वेल्डिंगच्या कामावर आहे, किंवा परत मागवलेला पदार्थ खाण्यात आलाय, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी सांगायला सांगा. खाणं हा एकच रस्ता नाही, रंगाची धूळ कित्येक घरांत खाण्यापेक्षा मोठी भानगड असते आणि ती ओल्या फडक्यानेच पुसायची, झाडूने उडवायची नाही. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेचा संदर्भ आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, डब्ल्यूएचओ म्हणतं ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा.

केसांची टेस्ट, घरबसल्या किट, "डिटॉक्स" थेंब ह्यांवर पैसे घालवू नका. शिसं काढायची खरी औषधं असतात, पण ती डॉक्टर फार वरच्या आकड्यांना वापरतात, मुलांमध्ये साधारण ४५ च्या पुढे, आणि चुकीच्या हातात ती जिवावर बेततात.

आर्सेनिकसाठी लघवी तपासतात. त्याआधीचे काही दिवस बाळाला मासे देऊ नका, कारण माशातलं निरुपद्रवी आर्सेनिकही एकूण आकड्यात येतं आणि रिपोर्ट बघून तुमचा जीव अर्धा होतो. तसंच शिशाचं रक्त बोटातून काढलेलं असेल आणि आकडा जास्त आला तर लगेच रडायला लागू नका (मी लागले होते), बोटावरची धूळसुद्धा त्या थेंबात मिसळते. आधी बाळाचे हात साबणाने नीट धुवायचे, नखांच्या खालून सुद्धा, आणि जास्त आलं तर दंडाच्या शिरेतून परत काढून खात्री करायची. आमचा बोटाचा आकडा ६ आला होता, शिरेतला २ आला. ती त्या दिवशी सकाळी बाल्कनीत रांगत होती.